जुना ट्रक आणि नवा हप्ता

दसऱ्याला सोनारीच्या काळभैरवनाथापुढे उभ्या राहणाऱ्या ट्रकांत जुनेच फार. झेंडूच्या माळा सर्वांना सारख्या; देवळाभोवतीची माकडेही टपावर चढताना जुने-नवे पाहत नाहीत. भेद असतो तो माणसांत. दिवाळीला घरी सारे जमले, की आमचे थोरले काका आणि त्यांचा मुलगा यांचा ठरलेला वाद सुरू होतो: जुना ट्रक ठेवायचा की मोडीत घालून नवा घ्यायचा?

हा वाद आमच्या घरापेक्षा जुना आहे. 1948 पर्यंत परंडा तालुका निजामाकडे आणि जवळची पेठ बार्शी इंग्रजी मुलखात. बार्शीला 1897 पासून अरुंद रुळांची गाडी होती. त्या रेल्वेच्या कामावर उमेदीच्या काळात सोलापूरचे वालचंद हिराचंद कंत्राटदार होते. त्यांनीच 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 पासून कुर्ल्याला डॉज व फार्गो मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. रूळ घालणाऱ्याच्याच हातून रुळावरचा माल रस्त्यावर उतरण्याची सोय व्हावी, ही मोठी गंमत आहे!

1954 साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक निघू लागले. पेट्रोल पिणारी फार्गो आता परवडेना. पण नवा ट्रक नुसत्या पैशाने मिळत नसे, नंबर लावून वाट पाहावी लागे. तेव्हा मिस्त्र्यांनी पेट्रोलचे इंजिन उतरवून त्या जागी पर्किन्सचे डिझेल इंजिन बसविले आणि फार्गोला दुसरा जन्म दिला. 1969 साली जर्मन करार संपून टाटांच्या ट्रकवरचा तीन टोकांचा तारा गेला. गाडी तीच राहिली आणि तिची खोड जाणणारा मिस्त्री गावोगावी तयार झाला. माझ्या मते जुने ट्रक टिकले ते या मिस्त्र्यांच्या जिवावर, मालकांच्या मायेवर नव्हे.

काकांचा हिशेब एका वाक्याचा. “हंगाम चार महिन्यांचा, हप्ते बारा महिन्यांचे!” 2014 साली मुलाने ऐकले नाही, कर्ज काढून नवा ट्रक आणला. पुढच्या वर्षी पाऊस फिरला, ऊस जळाला, वाहतूक बुडाली, आणि उन्हाळ्यात वसुलीची माणसे अंगणातून ट्रक घेऊन गेली. काकू दारात उभ्या होत्या. काकांनी मुलाला एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी जुन्या टाटाची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

तरीही मी सर्वस्वी काकांच्या बाजूचा नाही. भरल्या उसाखाली जुने ब्रेक कसे दमतात, ते मी शेजारी बसून पाहिले आहे. आठ वर्षांपुढच्या मालट्रकाला दरवर्षी योग्यतेचा दाखला लागतो, आणि ती तपासणी आता यंत्राकडे चालली आहे. मिस्त्र्याच्या भिडेला तेथे किंमत नाही. उलट 2020 नंतरचे ट्रक धूर कमी सोडतात, नळीत युरियाचे पाणी फवारतात. पण बिघडले, तर आमचा मिस्त्री पान्हा घेऊन नुसता बघत राहतो. आधी संगणक जोडावा लागतो.

यंदा त्याने आपल्या मुलाला तेच शिकायला बार्शीला पाठविले आहे. चुलतभावाने नव्या ट्रकाचे दरपत्रक आणून कोनाड्यात ठेवले आहे. काका ते चष्मा लावून वाचतात, पुन्हा कोनाड्यात ठेवतात आणि गाडीचे तेल पाहायला बाहेर जातात.