पडणाऱ्या अणूंबरोबर सहा मिनिटं

४ जून १९२४, ढाका. उकाड्यानं सदरा पाठीला चिकटलाय. विद्यापीठातले तिशीचे सत्येंद्रनाथ बोस पत्र लिहायला बसलेत आणि तुम्ही त्यांच्या खुर्चीमागे उभे आहात. पत्र जायचंय बर्लिनला, आइनस्टाइनना. सोबत चार पानांचा इंग्रजी लेख आहे. विलायतेतल्या नियतकालिकानं तो छापलेला नाही. तुम्हाला योग्य वाटला तर जर्मनमध्ये छापून यायची व्यवस्था करा, एवढीच विनंती. ओळख ना देख. सत्येनबाबू, हे पत्र आजच टाका, असं सांगायला तुमची जीभ वळवळते.

पत्र पोचतं. आइनस्टाइन लेखाचं स्वतः भाषांतर करतात. प्रकाशकण मोजायची बोस यांची रीत पुढे ते अणूंना लावतात आणि सांगतात की, अणू पुरेसे गार झाले तर ते वेगवेगळे वागायचे थांबतील, सगळे एकाच अवस्थेत गोळा होतील. ते पाहायला १९९५चा जून उजाडावा लागला. अमेरिकेत बोल्डरला रुबिडियमच्या दोनेक हजार अणूंनी ते करून दाखवलं. तिथं थांबू नका, पुढे चला.

२००७, जर्मनीतलं ब्रेमेन. समोर १४६ मीटर उंच पांढरा मनोरा, आत हवा काढून घेतलेली लांबलचक नळी. वरून एक कुपी सोडतात. ती ४.७४ सेकंद पडते आणि थर्मोकोलच्या दाण्यांनी भरलेल्या खोल पिंपात जाऊन रुतते. कुपीत प्रयोगशाळा आहे आणि प्रयोगशाळेत गार अणू. हा खटाटोप कशासाठी? जमिनीवर अणूंचा ढग पिंजऱ्यातून सोडला की क्षणात खाली कोसळतो आणि भांड्याच्या तळाला लागतो. अशा मोकळ्या ढगाच्या पडण्यावरून गुरुत्वाकर्षण मोजता येतं, आणि ढग जितका वेळ मोकळा राहील तितकं ते माप बारीक येतं. वेळ दुप्पट मिळाला तर बारकाई चौपट. म्हणून भांडंच ढगाबरोबर पडू द्यायचं. या सगळ्या विद्येचं मर्म एवढंच आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं.

पण पावणेपाच सेकंदांनी काय भागणार?

२३ जानेवारी २०१७, पहाटेचे साडेतीन. स्वीडनमधलं किरुना, आर्क्टिक वृत्ताच्याही वर. श्वास घेतला की नाकातली लव ताठ होते. एसरेंजच्या तळावर साउंडिंग रॉकेट उभं आहे, आपल्या थुंब्याहून उडतात त्या जातीचं. त्यात जर्मन शास्त्रज्ञांचं मायस-१ हे उपकरण बसवलंय. एरवी असा प्रयोग एका खोलीभर पसरलेला असतो, कुणी दार आपटलं तरी आरसे हलतात. इथं तो माणसाच्या दीडपट उंचीच्या नळकांड्यात कोंबलाय. आता लहान व्हा आणि आत शिरा.

रॉकेट सुटतं. सगळं थडथडतंय, अंगावर कुणीतरी पोती रचल्यासारखा भार येतो. त्या हादऱ्यातही लेसर सुरू आहेत आणि अणूंना आवरून धरताहेत. मग इंजिनं विझतात. भार नाहीसा होतो. तुम्ही तरंगताय, म्हणजे खरं तर पडताय, आणि सोबतचं सारं त्याच वेगानं पडतंय.

जवळून बघा. एका चिपवर सोन्याच्या बारीक तारा आहेत. त्यांतल्या विजेनं चुंबकीय पिंजरा तयार झालाय आणि त्यात रुबिडियमचा ढग अडकलाय. रेडिओलहरी त्यातले सर्वांत गरम अणू वेचून बाहेर काढतात. बशीतल्या चहाची वाफ निघून जाते आणि उरलेला चहा निवतो, तसंच. १.६ सेकंदांत लाखभर अणू एकच होऊन राहतात. तापमान निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या कोट्यंशांवर. पिंजरा उघडतो. ढग खाली कोसळत नाही, जागीच हळूहळू फुगत जातो. मग लेसरचा एक झोत, कॅमेऱ्यावर त्याची सावली, आणि ढग संपला. लगेच दुसरा. २४३ किलोमीटरची उंची गाठून रॉकेट परत फिरतं. तेवढ्या सहा मिनिटांत असे कितीतरी ढग जन्मतात आणि विझतात. बोस यांनी पत्र टाकल्याला ९३ वर्षं होत आलेली असताना त्यांच्या नावाचा हा पदार्थ पहिल्यांदाच अवकाशात तयार होतोय.

उपग्रह तर कायमच पडत असतो. तिथं वेळेला तोटा नाही. सगळंच एकत्र पडत असेल तर गुरुत्व मोजायचं कसं, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. ढग दोन करायचे आणि त्यांच्यात थोडं अंतर ठेवायचं. खाली डोंगर आहे, बर्फ आहे की पाणी, त्याप्रमाणे एक ढग दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त खेचला जातो. तो फरक मोजायचा. यंत्राचा काटा कालांतरानं सरकतो. रुबिडियमचा अणू सरकत नाही, झिजत नाही, आजचा आणि शंभर वर्षांनंतरचा अगदी सारखा.

याचा उपयोग काय, ते पाहायला ऑक्टोबर २००८च्या पंजाबात उतरा. भातखाचराच्या बांधावर कूपनलिका धडधडतेय, पाणी काचेसारखं स्वच्छ. वरून ग्रेस नावाचे जोडउपग्रह जाताहेत. आपसांतलं सुमारे २२० किलोमीटरचं अंतर ते मायक्रोवेव्हनं मोजतात आणि त्या अंतरातल्या फरकावरून खालचं वजन ताडतात. त्यांच्यात गार अणू नाहीत. तरी त्यांनी दाखवून दिलं की, ऑगस्ट २००२पासून राजस्थान, पंजाब आणि हरियाणाच्या भूगर्भातून १०९ घनकिलोमीटर पाणी गेलं. आपली कोयना काठोकाठ भरून पस्तीसहून अधिक वेळा रिकामी करावी, एवढं. पण ग्रेसची नजर भरड होती. राज्याएवढ्या पट्ट्यांचं पाणी तिला कळलं, तालुक्याचं नाही. विहीर मात्र तालुक्यातच आटते. गार अणू उपग्रहावर चढवण्याचं याहून मोठं कारण मला दिसत नाही.

परत आपल्या काळात या. नासानं एप्रिल २०२५मध्ये अशा पहिल्या गुरुत्वमापकाचा बेत जाहीर केलाय. आकार पाव घनमीटर, वजन सुमारे सव्वाशे किलो, उड्डाण या दशकाच्या अखेरीस. त्यात दोन ढग असतील, रुबिडियमचेच.