अपघातात स्कूटर मोडली: दुरुस्ती, 'टोटल लॉस' की नवी गाडी? पैशांचं आणि कागदांचं पूर्ण गणित

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. तालुके १४, गावं लांब लांब आणि एसटीच्या फेऱ्या मोजक्या. एमआयडीसीतली शिफ्ट, डेअरीला दूध घालणं, मुलांचा क्लास, दवाखाना, बाजार असं सगळं एका स्कूटरवर चालतं. ती अपघातात मोडली की घराचं रोजचं चाकच थांबतं. घाईत मग काही जण क्लेम न करताच गाडी भंगारात देतात, काही जण कागद न बदलता विकून टाकतात, तर काही जण वाकलेल्या चेसिसवर हजारो रुपये घालतात. या तिन्ही चुका पुढे महागात पडतात.

अपघात झाल्यापासून दुसरी गाडी दारात येईपर्यंत काय काय करावं लागतं, ते क्रमाने पाहू.

पहिल्या काही तासांत काय करायचं?

आधी माणूस, मग गाडी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२. जखमींची सोय झाली की गाडी हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत: दोन्ही वाहनांच्या नंबर प्लेट, रस्ता, मोडलेला भाग आणि आजूबाजूची खूण.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावं. कंपनीच्या हेल्पलाइनवर किंवा अॅपवर क्लेम नोंदवला की क्लेम नंबर मिळतो, तो जपून ठेवावा. सर्व्हेअरने गाडी पाहण्याआधी ती गॅरेजमध्ये खोलू नये. खोललेल्या गाडीत अपघाताचं नुकसान कोणतं आणि जुनी झीज कोणती, यावरून वाद होतो.

कुणी जखमी झालं असेल, समोरच्या वाहनाची चूक असेल किंवा समोरचा पळून गेला असेल, तर पोलिसांत नोंद हवीच. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत पुढे प्रत्येक टप्प्यावर मागितली जाते.

गाडी पोलिस ठाण्यात अडकली तर?

अपघातातल्या वाहनाची तपासणी आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार ही तपासणी झाल्यावर गाडी २४ तासांत परत द्यायची असते. मात्र गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून जप्त झालेली गाडी न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर सोडवावी लागते. गाड्या ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं गंजत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार या प्रकरणात सांगितलं आहे. त्यामुळे केस संपायची वाट पाहण्याची गरज नसते. आरसी, विमा, लायसन्स आणि ओळखपत्र घेऊन अर्ज लगेच करता येतो.

'माझा पाच वर्षांचा विमा आहे' म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. स्वतःच्या स्कूटरचं नुकसान भरून मिळायला 'ओन डॅमेज' विमा लागतो आणि तो साधारणपणे पहिल्या एकाच वर्षासाठी असतो. पुढे तो दरवर्षी वेगळा घ्यावा लागतो. पॉलिसीवर दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. अनेकांचा ओन डॅमेज विमा दुसऱ्या वर्षीच संपलेला असतो आणि ते अपघातानंतर कळतं.

याच पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमाही असू शकतो. वैध लायसन्स असलेला मालक स्वतः गाडी चालवत असताना दगावला किंवा त्याला कायमचं अपंगत्व आलं, तर तो लागू होतो. गाडीच्या क्लेमच्या गडबडीत घरच्यांचं या रकमेकडे लक्षच जात नाही.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काहीच मिळत नाही का?

स्वतःच्या कंपनीकडून गाडीचे पैसे मिळत नाहीत. पण चूक समोरच्याची असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून स्कूटरची भरपाई मागता येते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे एमएसीटीमध्ये, अर्ज करावा लागतो. अपघात जिथे झाला तिथे किंवा अर्जदार राहतो तिथे तो करता येतो. मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. मालमत्तेच्या भरपाईची विम्यातली मर्यादा समोर दुचाकी असेल तर १ लाख आणि कार-ट्रकसारखं वाहन असेल तर ७.५ लाख रुपये असते. स्कूटरसाठी दोन्ही पुरेशा आहेत, पण निकालाला वेळ लागतो.

जिल्ह्यात ऊस गाळपाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढतात. अशा वाहनाने धडक दिली तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचे नंबर टिपून घ्यावेत. विमाच नसेल तर भरपाईची जबाबदारी वाहनमालकावर येते आणि वसुली अवघड होते.

धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर सरकारच्या 'हिट अँड रन' योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. मोडलेल्या गाडीसाठी त्यात तरतूद नाही.

दुरुस्ती की 'टोटल लॉस'? हे कोण ठरवतं?

ओन डॅमेज विमा असेल तर सर्व्हेअर गाडी पाहतो आणि गॅरेजच्या अंदाजपत्रकाशी पडताळतो. इथे महत्त्वाचा आकडा म्हणजे आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर छापलेली गाडीची विमा किंमत. ती गाडीच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ठरते:

- ६ महिन्यांपर्यंत: ५ टक्के
- ६ महिने ते १ वर्ष: १५ टक्के
- १ ते २ वर्षं: २० टक्के
- २ ते ३ वर्षं: ३० टक्के
- ३ ते ४ वर्षं: ४० टक्के
- ४ ते ५ वर्षं: ५० टक्के

पाच वर्षांपुढे कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने किंमत ठरते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' धरली जाते.

समजा, स्कूटरची एक्स-शोरूम किंमत ९०,००० रुपये आहे आणि पॉलिसी घेताना तिला दोन वर्षं पूर्ण झाली होती. आयडीव्ही झाली ६३,००० आणि तिचे ७५ टक्के म्हणजे ४७,२५०. गॅरेजचा अंदाज ५०,००० आला, तर गाडी टोटल लॉस. सक्तीचे १०० रुपये वजा जाऊन क्लेम ६२,९०० रुपये होतो. मोडकी गाडी स्वतःकडेच ठेवायची असेल तर तिची भंगार किंमत यातून आणखी वजा होते.

गाडीवर कर्ज असेल तर क्लेमचे पैसे आधी बँकेला किंवा फायनान्स कंपनीला जातात. वरच्या उदाहरणात ३८,००० रुपये कर्ज बाकी असेल, तर हातात २४,९०० रुपये येतील. आणि क्लेम मंजूर होईपर्यंत हप्ते चालूच राहतात. गाडी चालत नाही म्हणून हप्ता थांबवला तर दंड लागतो आणि सिबिल स्कोअरही खराब होतो. मग नव्या गाडीचं कर्जच अडतं.

दुरुस्ती मंजूर झाली तर खिशातून किती जातात?

पार्ट नवे बसतात, पण कंपनी त्यांचे पूर्ण पैसे देत नाही. प्लास्टिक, रबर, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. धातूच्या पार्टवर गाडीच्या वयानुसार कपात होते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ती १५ टक्के असते. मजुरी पूर्ण मिळते. स्कूटरचं बाहेरचं अंग बहुतेक प्लास्टिकचं, त्यामुळे फरक मोठा पडतो. प्लास्टिक पॅनेलचे ६,०००, धातूच्या पार्टचे ३,००० आणि मजुरीचे २,००० असं ११,००० रुपयांचं बिल असेल, तर मिळतात ३,००० + २,५५० + २,००० वजा १००, म्हणजे ७,४५०. 'झिरो डेप' हे जादा संरक्षण घेतलं असेल तर पार्टवरची ही कपात सहसा होत नाही.

किरकोळ नुकसानीत क्लेम करायचा की नाही, हेही तपासावं. क्लेम केला की 'नो क्लेम बोनस' शून्यावर येतो. हा बोनस ओन डॅमेजच्या हप्त्यावर २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो. दुचाकीचा ओन डॅमेज हप्ताच मुळात कमी असल्याने मोठ्या नुकसानीत क्लेम करणंच फायद्याचं ठरतं. आरसा किंवा इंडिकेटर फुटला असेल तर मात्र नाही.

चेसिस वाकली असेल तर मात्र नुसत्या पैशांचा हिशेब पुरत नाही. हँडल सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढते, पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत दिसत नाही, ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग थरथरतो, ही त्याची लक्षणं. अशी चेसिस ठोकून किंवा वेल्डिंग करून सरळ केलेली गाडी रोज हायवेवर चालवणं धोक्याचं आहे. सर्व्हेअरला हे मुद्दाम दाखवावं आणि चेसिस बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात लिहून घ्यावा. त्यानेच अनेकदा गाडी ७५ टक्क्यांची रेषा ओलांडते.

क्लेम कशामुळे नाकारला जातो?

- चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नसणं. १८ वर्षांखालच्या मुलाने स्कूटर चालवली असेल तर ओन डॅमेजचा क्लेम तर जातोच, शिवाय पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.
- दारू पिऊन गाडी चालवणं.
- जुनी गाडी घेतली, पण विमा आधीच्या मालकाच्याच नावावर राहिला.
- पॉलिसीची मुदत संपलेली असणं.

मोडक्या गाडीचं काय करायचं?

इथला निष्काळजीपणा सगळ्यात धोकादायक. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, म्हणजे नोंदणी रद्द होते. एमएच-१६ पासिंगच्या गाडीसाठी अहिल्यानगरचं आणि एमएच-१७ साठी श्रीरामपूरचं कार्यालय आहे. कर्जाची नोंद असेल तर आधी बँकेचं ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ लागतो.

गाडी दुरुस्त करून वापरणाऱ्याला विकत असाल तर फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी त्याच्या नावावर झालीच पाहिजे. नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या करारावर विसंबून चालत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की गाडी कितीही हात बदलून गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे भंगारात दिलेली स्कूटर कुणी जुळवून रस्त्यावर आणली आणि तिने कुणाला उडवलं, तर नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते. टोटल लॉसमध्ये गाडी विमा कंपनीमार्फत गेली तरी आरसीचं पुढे काय झालं, ते परिवहनच्या वेबसाइटवर तपासावं.

नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळू शकते.

दुसरी गाडी घेताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिक स्कूटरवर तो ५ टक्के आहे. ओन डॅमेज विमा घेताना 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे जादा संरक्षण मिळतंय का, ते विचारावं. त्यात टोटल लॉस झाल्यास घसारा वजा केलेल्या आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत मिळते. कर्जावर घेतलेल्या नव्या गाडीला ते विशेष उपयोगी पडतं.

जुनी गाडी घेणार असाल तर एमपरिवहन अॅपवर आरसीची स्थिती, कर्जाची नोंद, विम्याची तारीख आणि थकलेली ई-चलनं पाहावीत. चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवावा. हेडलाइटखालचे स्क्रू, जोडांवरचं वेल्डिंग आणि दोन बाजूंच्या रंगातला फरक ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्यावा, कारण टोटल लॉस झालेल्या गाड्याही जुळवून विकल्या जातात.

कंपनी दाद देत नसेल तर?

विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार सर्व्हेअरचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि तो आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यायला हवा. तसं झालं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, मग 'विमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. अहिल्यानगरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो, त्याची मुदत दोन वर्षांची आहे.

आणि गाडीबरोबर हेल्मेटही बदलावं. एकदा जोराचा मार बसलेल्या हेल्मेटचा आतला थर दबलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही आणि दुसऱ्यांदा डोकं वाचवेलच असं नाही. नवी दुचाकी देताना आयएसआय मार्कचं हेल्मेट द्यावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटलं आहे. शोरूममध्ये ते मागून घ्यावं.