गळाला काय लावावें?

पैनगंगेच्या कांठीं ज्यांचें बालपण गेलें, त्यांना गळ म्हणजे काय हें सांगावयास नको. बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या रांगेंत ही नदी उगम पावते, मेहकरावरून पुढें जाते, आणि वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या द्वारें आपलें पाणी बंगालच्या उपसागरास पोंचविते. त्याच रांगेच्या उत्तर उतरणीवर पडलेला पाऊस मात्र नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्या वाटेनें पूर्णेस, पूर्णेंतून तापीस आणि शेवटीं अरबी समुद्रास मिळतो. एकाच जिल्ह्याच्या पाठीवर दोन समुद्रांची वांटणी व्हावी ही गोष्ट शाळेंत भूगोलाच्या मास्तरांनीं सांगितली तेव्हां आम्हांस मोठी नवलाची वाटली होती. पण दोन्ही बाजूंच्या नद्यांचा स्वभाव एकच. पावसाळ्यांत गढूळ लोंढा, हिवाळ्यांत निवळशंख धार, आणि उन्हाळ्यांत प्रवाह तुटून खडकांत अडकलेले डोह.

आमच्या आळीपलीकडे भोयांची वस्ती होती. तेथील एका वृद्धास आम्ही मुलें बाबा म्हणत असूं. बाबा गळ टाकण्यापूर्वीं बराच वेळ नुसते कांठावर बसत. आम्हांला घाई असे. डबींतलीं गांडुळें वळवळत असत आणि आमचे हातहि. बाबा म्हणत, “आधी पाणी पाह्य बापू, मंग गय टाक.” पाणी गढूळ असेल तर गांडूळ, कारण तेथें माशाला डोळ्यांचा उपयोग नाहीं, वासाचा आहे. पाणी निवळलें म्हणजे कणकेची गोळी, आणि तिच्यांत थोडी पेंड. मरळ पाहिजे असेल तर जिवंत बेडूक. मरळ मेलेल्या वस्तूकडे सहसा ढुंकून पाहत नाहीं. हें सर्व ते एखाद्या शास्त्र्यानें सूत्रें सांगावीं तसें सांगत नसत. विचारलें तर सांगत, न विचारलें तर चिलीम ओढीत. मी विचारलें फार थोडें, आणि जें ऐकलें तेंहि लिहून ठेविलें नाहीं. पुढें इतिहास शिकविण्याचा व्यवसाय पत्करलेल्या मनुष्यास ही कबुली देतांना लाज वाटते.

या गोष्टीची आठवण मला कॉलेजांत शिकवूं लागल्यावर एका अगदीं निराळ्या ठिकाणीं झाली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ पासून १९६१ पर्यंत तीन भागांत प्रसिद्ध झाला, संपादक श्रीगोंदेकर. राज्यप्राप्तीपासून क्रीडेपर्यंत पांच विंशति, म्हणजे एकूण शंभर अध्याय. मराठी वाचकास या ग्रंथाची ओळख बहुधा एकाच कारणानें असते: महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख त्यांत आहे, आणि आपल्या भाषेच्या इतिहासकारांनीं तो आदरानें उचलला आहे. त्याच ग्रंथाच्या विनोद-विंशतींत ‘मत्स्यविनोद’ नांवाचा भाग आहे, तिकडे मात्र आपल्यापैकीं फारसें कोणी वळलेलें नाहीं. तो वाचावा असें प्रथम मनांत आलें तें केवळ कुतूहलानें. वाचून संपल्यावर मी कांहीं वेळ पुस्तक मिटून बसलों, कारण त्यांत बाबा बोलत होते.

ग्रंथाचा काल इ. स. ११३० च्या आसपासचा. राजा सुमारे पस्तीस जातींचे मासे सांगतो. समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. थोर, मध्यम व लहान कोणते. मग दोरी, काठी आणि बडिश, म्हणजे आपला गळ. आणि मग खाद्य. माशांस एका ठिकाणीं येण्याची संवय लागावी म्हणून आधीं त्यांना खाऊं घालावें. तिळाचा कल्क, हरभऱ्याचें पीठ, शिजलेला भात यांच्या गोळ्यांवर येणारे मासे वेगळे, आणि मांसावर येणारे वेगळे. ज्याची जशी खाण्याची रीत तसें त्याचें आमिष, हा या सबंध प्रकरणाचा कणा आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ मध्यें एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला, आणि त्यांतल्या जाती आजच्या शास्त्राच्या नांवांशीं जुळवून पाहण्याचा यत्न केला. इतिहासकारांनीं टाकून दिलेलें काम एका प्राणिशास्त्रज्ञानें उचललें, हें आम्हां इतिहासाच्या अध्यापकांस फारसें भूषणावह नाहीं.

येथें वऱ्हाडचा वाचक विचारील, कल्याणी कोठें आणि आमची पैनगंगा कोठें? तें अंतर वाटतें तितकें नाहीं. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या काळचा शके १००८ चा शिलालेख नागपुरास सीताबर्डी येथें सांपडलेला आहे, म्हणजे या घराण्याचा अंमल विदर्भांत पोंचला होता. पैनगंगेंतील मासा सोमेश्वराच्या यादींत आहे असें मी म्हणत नाहीं. ज्या गोदावरीच्या खोऱ्यांत हे राजे वावरले तिचेंच पाणी आमच्या डोहांत होतें, एवढेंच म्हणणें आहे.

माझा खरा प्रश्न निराळा आहे. राजाला हें सांगितलें कोणीं? सिंहासनावर बसून मांसभक्षी मासा व पिठावर येणारा मासा यांतला भेद कळत नाहीं. सोमेश्वर स्वतः कांठावर बसला असेल. ग्रंथांतील बारकावे पाहतां तो बसला असावा असें मलाहि वाटतें. तरी कोणत्या डोहांत कोणता मासा राहतो, कोणत्या दिवसांत तो कशावर येतो, हें ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाण्यांत उभें राहून जाणलें त्यांच्याकडूनच हें ज्ञान राजवाड्यांत गेलें असलें पाहिजे. ‘सर्वज्ञ’ ही पदवी राजाला मिळाली. ज्यांनीं त्याला सर्वज्ञ केलें त्यांतल्या एकाचेंहि नांव ग्रंथांत नाहीं.

आपल्या बाकीच्या वाङ्मयांत तर आमिष हा शब्द पाण्यांतून केव्हांच बाहेर काढला गेला आहे. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु केले त्यांत मासा आहे. जिव्हेच्या लोभानें तो गळ गिळतो व प्राणास मुकतो, हा त्याचा धडा. एकनाथांनीं १५७३ मध्यें काशीस पूर्ण केलेल्या आपल्या भागवतांत हें रूपक मराठींत आणलें, आणि कीर्तनकारांनीं तें घरोघर नेलें. रूपक म्हणून तें उत्तम आहे. परंतु त्यामुळें आमिष म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें लोभ येतो, मासा येत नाहीं. मासा कोणता, तो काय खातो, केव्हां खातो, हे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाहीं.

शिवाय सगळेच मासे जिव्हेनें मरतात असेंहि नाहीं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत सामन नांवाचा मासा समुद्रांतून अंडीं घालण्यासाठीं वर चढतो. गोड्या पाण्यांत शिरल्यावर तो खाणें जवळजवळ सोडूनच देतो. अंगांतल्या चरबीवर शेंकडों मैलांचा प्रवास करतो, आणि त्याच्या बहुतेक जाती अंडीं घातल्यावर मरून जातात. त्याचा सोबती स्टीलहेड हा समुद्रांत जाऊन येणारा ट्राउट मासा. तो मात्र पुन्हां समुद्रास परतूं शकतो व पुन्हां वर येऊं शकतो. आतां ज्याला भूकच नाहीं त्याच्या गळाला काय लावावें? तरीहि तिकडचे कोळी व हौशी लोक त्यांना गळानेंच धरतात. मीठ, साखर व टांकणखार लावून मुरवलेली माशांचीच अंडीं हें एक आमिष. आणि दुसरें म्हणजे ज्याला ते जिग म्हणतात तें, म्हणजे शिशाचें लहानसें डोकें बसविलेला व रंगीत पिसें बांधलेला गळ. तो तरंगत्या बोंडाखालीं, तळापासून थोडा वर राहील अशा बेतानें प्रवाहाबरोबर वाहूं देतात. पाणी गढूळ असेल तर भडक गुलाबी वा नारिंगी आणि मोठा. स्वच्छ असेल तर काळपट आणि लहान. भूक नसतां मासा तोंड कां घालतो याविषयीं तज्ज्ञांत एकमत नाहीं. कोणी जुन्या संवयीवर बोट ठेवितात, कोणी चिडीवर. अवधूताला हा मासा भेटला असता तर त्याला गुरूंची संख्या एकानें वाढवावी लागली असती. पण मला लक्षांत घेण्याजोगें वाटलें तें हें कीं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाच्या त्या थंड नद्यांवरहि पहिला नियम बाबांचाच आहे: आधीं पाणी पाहावें.

इंग्रजांचा या विषयाशीं संबंध आला तो दोन वाटांनीं. पहिली वाट शास्त्राची. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा सेनाधिकारी मुंबई इलाख्यांत आंकडेवारी गोळा करण्याच्या कामावर होता, आणि त्या निमित्तानें दख्खनभर हिंडला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाकडून प्रसिद्ध झाला. त्यांत एक गोष्ट त्यानें अशी केली कीं तिच्याबद्दल मराठी मनुष्यानें त्याचे आभार मानावे. नव्या जातींस लॅटिन नांवें देतांना त्यानें कोळ्यांच्या व भोयांच्या तोंडचे शब्दच उचलले. शिंगटी, टाकरी, सांडखोळ, खुदरी, कोळस हे शब्द त्याच्या कानांनीं जसे टिपले तसे, थोडे वेडेवांकडे होऊन, शास्त्रांत कायमचे बसले. दख्खनच्या महासीर माशाचें शास्त्रीय नांव आजहि त्या खुदरीवरूनच चालतें, आणि त्याचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पाण्यांतला होता. नांव सांगणारा माणूस येथेंहि अनामच राहिला. निदान त्याचा शब्द तरी उरला, ही सोमेश्वराच्या मानानें प्रगतिच म्हणावयाची.

दुसरी वाट शिकारीची. हेन्री सलिव्हन टॉमस हा मद्रासकडील मुलकी अधिकारी. दक्षिण कानड्यांत कलेक्टर होता. हिंदुस्थानांतल्या गळाच्या शिकारीवरचें त्याचें पुस्तक १८७३ मध्यें निघालें, आणि पुढें त्याच्या आणखी आवृत्त्या झाल्या. महासीर हा त्याचा नायक. या माशाच्या जबड्यांत दांत नसतात, घशांत असतात. ओठ चामड्यासारखे जाड, आणि दाबण्याची शक्ति अशी कीं कच्चा गळ चेपून जातो. म्हणून गळ कोणत्या घडणीचा पाहिजे यावर टॉमस पानेंच्या पानें खर्च करतो. आमिषाच्या बाबतींत हा मासा फार उदार. लहान मासा, धातूचा फिरता चमचा, पीठ, नदीकांठच्या झाडांवरून पडणारीं फळें, यांतलें कशालाहि तो नाहीं म्हणत नाहीं. आणि जेथें घाटावर यात्रेकरू माशांना दाणे घालतात तेथें हरभऱ्याचे फुटाणे. फुटाण्यांचा हा भाग वाचतांना सोमेश्वराच्या हरभऱ्याच्या पिठाची आठवण होते. इंग्रज शिकाऱ्यानें तो ग्रंथ पाहिलेला असणें शक्यच नव्हतें. मग साडेसातशें वर्षांनीं तीच वस्तु त्याच्या हातीं कशी आली? अर्थात् त्याच मंडळींकडून, ज्यांच्याकडून ती राजाच्या हातीं आली होती.

टॉमस आणि त्याच्या काळचे इतर अधिकारी एका गोष्टीनें फार अस्वस्थ होते, ती म्हणजे विष. गेळाचीं फळें किंवा हिंगणबेट ठेंचून डोहांत टाकलें कीं लहानमोठे सगळे मासे उताणे होऊन वर येतात. पुढें सुरुंगाची दारू स्वस्त झाली आणि तीहि पाण्यांत जाऊं लागली. १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानें या दोन्ही गोष्टींस बंदी केली. परक्या सरकारच्या कायद्यांकडे आम्ही संशयानें पाहतों, आणि पुष्कळदां तो संशय योग्यच असतो. जंगलाच्या कायद्यांनीं गरिबांचें काय केलें हें वऱ्हाडांत सांगावयास नको. पण या एका बाबतींत बाबांचा कौल सरकारच्या बाजूनें पडला असता. वस्तींतल्या कोणी डोहांत विष घातल्याचें कळलें म्हणजे ते दोन दोन दिवस त्या माणसाशीं बोलत नसत. त्यांचा राग पापपुण्याचा नव्हता. विष टाकणाऱ्याला मासा ओळखावाच लागत नाहीं, याचा होता.

आतां तें पाणीहि राहिलेलें नाहीं. मेहकर तालुक्यांत पैनगंगेवर पेनटाकळीचें धरण झालें. देऊळगांव राजाकडे खडकपूर्णेचें पाणी अडलें, आणि त्या जलाशयास चोखामेळ्याचें नांव दिलें गेलें. धरणांनीं शेतास पाणी दिलें, त्याविषयीं तक्रार करण्याचा अधिकार माझ्यासारख्या पगारी मनुष्यास नाहीं. परंतु वाहत्या नदीचा मासा आणि सांठलेल्या पाण्याचा मासा एक नव्हे. जलाशयांत बीज सोडून वाढविलेले मासे जाळ्यानें काढतात. तेथें आमिषाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. माशांची ही हलवाहलव किती जपून करावी लागते याचें एक उदाहरण आपल्या लोणावळ्यानेंच दिलें आहे. तेथील केंद्रांत वाढविलेली दख्खनची महासीर गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत कावेरींत नेऊन सोडली, तीहि चांगल्या हेतूनें. ती तेथें इतकी माजली कीं कावेरीची स्वतःची कुबडी महासीर मागें हटली, आणि २०१८ मध्यें अतिशय धोक्यांत आलेल्या जातींच्या जागतिक यादींत तिचें नांव घालावें लागलें. टॉमसच्या पिढीच्या शिकाऱ्यांनीं कावेरीच्या ज्या प्रचंड माशांच्या गोष्टी सांगितल्या तो हाच मासा.

गेल्या वर्षीं चैत्रांत मी गांवीं गेलों होतों. बाबा जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. त्यांचा नातू आतां जलाशयावर जाळें टाकतो. सहकारी संस्थेचा सभासद आहे, आणि हिशेबाला चोख आहे. मी त्याला आजोबांच्या कणकेविषयीं विचारलें: तिच्यांत पेंड कशाची घालीत, तिळाची कीं करडीची? तो हंसला. म्हणाला, “सर, ते तुमालेच ठाव असंन. तुमीच तं बसत व्हते त्यायच्याजोळ.” आईला विचारून पाहतों म्हणून तो आंत गेला. म्हातारीनें आंतूनच सांगितलें कीं पेंड तिळाचीच असे, आणि ती आदल्या रात्रीं भिजत घालीत. भिजवतांना त्यांत आणखी एक पाला चुरडून घालीत असत, पण त्याचें नांव तिला आठवेना.