चार आणे आणि पाचशे बारा

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि आमच्या आजीने सोलापूरच्या मंगळवार पेठेत वाण्याशी भांडण काढलं. "आण्याचे सहा पैसे, तर चार आण्यांचे चोवीस. पंचवीस कशाला?"

"आजीबाई, आणा सव्वासहाचा. पाव पैसा कुठून आणू?"

परवा नातवाच्या संगणकावर तोच तंटा भेटला. डिस्कवर जागा किती उरली, हे 'डीएफ' ही आज्ञा सांगते. जुनं युनिक्स ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजायचं. पॉझिक्स या मानकानेही तेच माप धरलं. माप बदललं की जुन्या हिशोबात जागेचा आकडा एकदम निम्मा! माणसांना मात्र १०२४ सोयीचं. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू मंडळींनी तोड काढली: एरवी १०२४, ज्याला नियमच हवा, त्याने 'पॉझिक्सली करेक्ट' ही खूण लावावी, की पुन्हा ५१२.

आपली तोड याहून सोपी. नाणं नवं, नाव जुनं! पंचवीस पैशांचं नाणं २०११मध्ये चलनातून गेलं, तोवर आम्ही त्याला 'चार आणे'च म्हणत होतो.

आजी मात्र तो एक पैसा शेवटपर्यंत विसरली नाही. माप बदलणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.