बेकवेल, अंडं आणि आपला चौका

लेक विचारते, "आई, अंडं नाही, मग हे बेकवेल कसं?"

बेकवेल हे इंग्लंडच्या डर्बीशरमधलं गाव. तिथल्या खानावळीत स्वयंपाकिणीच्या चुकीतून एक पुडिंग जन्मलं, अशी आख्यायिका आहे. एलायझा ॲक्टनच्या १८४५ च्या पाकपुस्तकात ते आहे: खाली जॅम, वर अंडी, साखर, लोणी. बदामाच्या सारणाचं टार्ट त्यानंतरचं. म्हणजे इंग्रज बायकांनीही ते बदललंच.

मी मैद्यात बदामपूड, साखर, तूप, ताजं दही, खायचा सोडा घालून मफिन करते. मधोमध चमचाभर रासबेरी जॅम. दह्याच्या आंबटपणाने सोडा फसफसतो, मफिन फुगतात. लेकीला सांगितलं, चव बदामाची आणि जॅमची; ती राहिली. हिंसा तेवढी टळली.