तीन मिनिटांचं पद, पुसलेली टेप

एरवी आपण इथे एखादा किल्ला घेतो, एखादी लढाई घेतो. आज मी माझाच एक मंगळवार घेतोय. दिवस अगदी साधा होता. पण त्या दिवशी ऑफिसात जे काम केलं, त्यामुळे सकाळी ऐकलेलं पद आणि रात्री पाहिलेली मालिका, दोन्ही डोक्यातून जाईनात. म्हणून हा भाग.

आमच्या घरी, उस्मानपुऱ्यात, सकाळ नाट्यसंगीताने होते. सवय आजोबांची. ते दाढी करताना पदं म्हणायचे. आवाज काही फार गोड नव्हता, पण तान अर्धी सोडायचे नाहीत. संत एकनाथ रंगमंदिर घरापासून चालत जाण्यासारखं, त्यामुळे नाटक त्यांना शेजारच्या घरासारखं होतं. आता ते नाहीत, तर चहा होईपर्यंत मी मोबाइलवर लावतो. त्या दिवशी बालगंधर्व लागले, 'स्वयंवर'मधलं पद.

थोडा इतिहास. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आलं ते ३१ ऑक्टोबर १८८० ला. तिथून संगीत नाटकाची लाट आली. १९११ ला खाडिलकरांचं 'मानापमान', चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ ला 'स्वयंवर', चाली भास्करबुवा बखल्यांच्या. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत चालायचं. का? तर वन्समोअर! लोकांनी मागितलं की पद पुन्हा, आणि दरवेळी वेगळं, आणखी रंगवून.

आता गंमत बघा. मी जे ऐकत होतो ते पद जेमतेम तीन मिनिटांचं. कारण त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. मिनिटाला ७८ फेरे, तीन-सव्वातीन मिनिटं, की संपलं. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जाननी ध्वनिमुद्रणं दिली, तेव्हापासून आपल्याकडच्या गवयांना हेच गणित सोडवावं लागलं. तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवायचा. म्हणजे थिएटरातल्या लोकांनी जे गाणं ऐकलं ते मी ऐकतच नाही. मी ऐकतो त्याची झिप फाइल.

पण ती फाइल टिकली. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटायची, तरी टिकली. कारण एका मुद्रणाच्या ढिगाने प्रती निघायच्या आणि त्या लोकांच्या घरी जायच्या. एकाची फुटली तरी दुसऱ्याच्या माळ्यावर एक असायचीच. पुढे संग्राहकांनी जुन्या बाजारात फिरून त्या गोळा केल्या, आणि आता त्या माझ्या मोबाइलमध्ये आहेत.

बरं, चहा झाला. क्रांती चौकातला सिग्नल, जालना रोडची गर्दी, ऑफिस. त्या दिवशी माझ्या नावावर एकच काम होतं: ९० दिवसांहून जुने लॉग उडवायची स्क्रिप्ट लिहायची. स्टोरेजचं बिल वाढलं होतं. दुपारपर्यंत स्क्रिप्ट झाली, सहकाऱ्याने बघून ओके दिलं, संध्याकाळी चालवली. काही वर्षांचा डेटा काही मिनिटांत गेला. चुकीचं काही केलं नाही हो. तो डेटा खरंच कुणाला नको होता. निदान आज तरी.

रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "जुनं काहीतरी लाव." आमचं ठरलेलं असतं. 'चिमणराव' लावलं. चिं. वि. जोशींच्या गोष्टी, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि ही मालिका त्याच दशकाच्या शेवटी शेवटी आली. सगळं कृष्णधवल. आईचं लहानपण पुण्यातलं. शेजाऱ्यांकडे टीव्ही होता, हिची जागा दाराजवळ, चपलांच्या शेजारी. तिला एक भाग अजून आठवतो. हातवारे करून तिने मला सगळा सांगितला. तो शोधायला बसलो. अर्धा तास शोधला, नाही सापडला. त्या मालिकेचे मोजकेच भाग आज बघायला मिळतात.

असं का? त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती. म्हणून एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा घ्यायचा. कितीतरी कार्यक्रम तर थेटच जायचे, टेपवर यायचेच नाहीत. हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. बीबीसीनेही १९६० आणि ७० च्या दशकांत आपल्या मालिकांच्या टेप पुसल्या, 'डॉक्टर हू'चे कितीतरी भाग त्यात गेले. आणि कहर म्हणजे नासा! १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, त्या प्रक्षेपणाचं मूळ चित्रण ज्या टेपांवर होतं, त्याही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या नटाचा आवाज मला रोज सकाळी मिळतो, आणि आईने पाहिलेला भाग मिळत नाही. नवं तंत्र हरलं, जुनं टिकलं. फरक एवढाच, की तबकडीच्या प्रती घरोघरी होत्या आणि टेप एकाच कपाटात.

आधी मला त्या टेप पुसणाऱ्या माणसाचा राग आला. मग लक्षात आलं, त्याच्यापुढेही एक यादी असणार, वरून कुणीतरी खर्चाचं विचारलं असणार, आणि त्याने काम वेळेत संपवलं असणार. अगदी मी त्या दिवशी संपवलं तसंच.

झोपताना एक गोष्ट आठवली. आजोबांचं गाणं मी कधीच रेकॉर्ड केलं नाही. खिशात फोन होता, इतकी वर्षं होता. रोजचंच तर आहे, उद्या करू. मग आईचे जुने व्हॉइस मेसेज चाळत बसलो. मी नोकरीसाठी पुण्यात होतो तेव्हाचा एक सापडला. आई सांगतेय, गॅसचं बुकिंग कर, तुझ्या नंबरवरून होतं. आणि मागे बेसिनपाशी आजोबा. अकरा सेकंद. पद ओळखू येत नाही, तान येते.

तो मेसेज त्याच रात्री तीन ठिकाणी ठेवला. लॅपटॉपवर, आईच्या फोनमध्ये आणि मामाकडे.

तुमच्या घरी जुन्या कॅसेट असतील, लग्नाची व्हीएचएस असेल, तर या रविवारी काढा. चालतायत का बघा, आणि एका प्रतीवर थांबू नका. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

चला, भेटू पुढच्या भागात. तेव्हा परत किल्ल्यावर.