तारुण्यपीटिका : उपचार मोजके, धीर मोठा

तारुण्यपीटिका, म्हणजेच बोलीभाषेतील मुरुमे किंवा पुटकुळ्या, हा त्वचेचा अत्यंत सर्वसामान्य विकार आहे. वयात येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना तो कमीअधिक प्रमाणात होतो. काही जणांच्या बाबतीत, विशेषतः स्त्रियांमध्ये, तो पंचविशी-तिशीनंतरही टिकून राहतो. जिवावर बेतणारा आजार नसल्याने घरातील वडीलधारी मंडळी 'वय सरले की जाईल' असे म्हणून सोडून देतात. तरुण मंडळी मात्र धास्तावून हाती लागेल ते मलम चेहऱ्यावर चोळतात. ही दोन्ही टोके घातक आहेत. दुर्लक्षामुळे चेहऱ्यावर कायमचे खड्डे राहू शकतात आणि चुकीच्या मलमामुळे साधा विकार हट्टी होऊन बसतो. मोजके उपचार, आहारात थोडा बदल आणि तीन महिन्यांचा धीर एवढ्यावर सौम्य व मध्यम स्वरूपाची बहुतेक मुरुमे आटोक्यात येतात.

मुरुमे का येतात?

आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तेलग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजेन या संप्रेरकांच्या प्रभावामुळे या ग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. त्याच वेळी केसाच्या छिद्रातील मृत पेशी नीट झडून न जाता एकमेकींना चिकटतात आणि छिद्राचे तोंड बुजते. हीच ब्लॅकहेड व व्हाइटहेडची सुरुवात होय. आत साचलेल्या तेलावर 'क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस' हे जिवाणू वाढतात, दाह होतो आणि लाल, दुखरी, प्रसंगी पू धरलेली पुटकुळी दिसू लागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुरुमे अस्वच्छतेमुळे येत नाहीत. ब्लॅकहेडचा काळा रंग हा मळ नसतो, त्यामुळे दिवसातून सहा वेळा चेहरा घासून धुण्याने काहीच साधत नाही. उलट त्वचेचे संरक्षक आवरण दुखावते व दाह वाढतो.

कोकणची हवा, घाम आणि खोबरेल

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडी तालुक्याचे उदाहरण घेऊ. एप्रिल-मे महिन्यांतील घामट उकाडा आणि जूनपासून चार महिने धो-धो पाऊस, अशी येथील हवा असते. दमट व उष्ण हवेत घामाने छिद्रांची तोंडे फुगतात आणि मुरुमे बळावतात. मुंबईहून गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेल्या तरुण चाकरमान्यांनाही हा अनुभव येऊ शकतो.

त्यात भर पडते ती खोबरेल तेलाची. केसांना खोबरेल लावण्यात गैर काही नाही. परंतु तेच तेल कपाळावर, कानशिलांवर ओघळले की तेथे बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. ज्यांना मुरुमांचा त्रास आहे त्यांनी चेहऱ्याला खोबरेल चोळू नये. केसांना तेल लावायचे असल्यास न्हाण्यापूर्वी तासभर लावून धुऊन टाकावे आणि रात्रभर तेलकट राहणारे उशीचे अभ्रे वरचेवर बदलावेत.

चेहऱ्याची निगा : तीनच गोष्टी

बाजारात सीरम, टोनर, स्क्रब, मास्क यांची रेलचेल आहे. मुरुमांसाठी यांतील बहुतेक वस्तूंची गरज नसते.

पहिली गोष्ट, धुणे. सकाळी व रात्री असे दोनदा, सौम्य फेसवॉशने आणि साध्या पाण्याने चेहरा धुवावा. शेतात काम करून किंवा खेळून घाम आला असल्यास आणखी एकदा धुण्यास हरकत नाही. चेहरा पुसताना टॉवेल घासू नये, टिपावा. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे घरगुती प्रयोग टाळावेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे चट्टे उठू शकतात.

दुसरी गोष्ट, औषध. सौम्य मुरुमांसाठी २.५ टक्के बेंझॉईल पेरॉक्साइड किंवा ०.१ टक्के अ‍ॅडापॅलिन जेल ही अनुभवसिद्ध औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतात. बेंझॉईल पेरॉक्साइड अधिक तीव्रतेचे घेतल्याने गुण फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. त्याने टॉवेलचा व कपड्यांचा रंगही उडतो. अ‍ॅडापॅलिन रात्री लावावे. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे जेल पुरते. ते केवळ पुटकुळीवर टिकलीसारखे न लावता मुरुमे येणाऱ्या सर्व भागावर पातळ पसरावे, कारण नव्या पुटकुळ्या रोखणे हे त्याचे मुख्य काम आहे. सुरुवातीस एक दिवसाआड लावल्यास त्वचेला सवय होते. पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा येतो, कधी मुरुमे किंचित वाढल्यासारखी वाटतात. यामुळे औषध सोडू नये. गर्भवती स्त्रियांनी व गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी अ‍ॅडापॅलिन वापरू नये.

तिसरी गोष्ट, संरक्षण. तेलविरहित, हलके मॉइश्चरायझर आणि दिवसा एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावावे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरूम बरे झाल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो आणि उन्हाने तो अधिक गडद होतो. मुरूम फोडण्याची सवय असल्यास डागाबरोबर खड्डाही पदरी पडतो.

नव्या औषधाचा गुण जोखण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. दर पंधरवड्याला क्रीम बदलणाऱ्यास कोणत्याच औषधाचा गुण येत नाही, याचे कारण हेच.

'गोरे करणाऱ्या' ट्यूबचा सापळा

मुरुमांपेक्षाही अधिक चिंतेची बाब म्हणजे स्टिरॉइडयुक्त मलमांचा सर्रास वापर. शेजारणीने सांगितले, मैत्रिणीला गुण आला, दुकानदाराने दिले, अशा वाटेने ही मलमे चेहऱ्यावर पोहोचतात. पहिल्या काही दिवसांत लाली ओसरते, चेहरा उजळ दिसतो व औषध रामबाण वाटते. मात्र काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि नव्याने पुटकुळ्यांचे पीक येते. मलम थांबवले की चेहरा लालबुंद होऊन आग होते, म्हणून रुग्ण पुन्हा तेच लावतो.

देशातील बारा केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरत असल्याचे आढळले होते. त्यांतील दहापैकी नऊ जणांना दुष्परिणाम झाले होते आणि त्यांत मुरुमे येणे किंवा वाढणे हाच प्रकार सर्वाधिक होता. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री करण्यास मनाई केली. तरीही ग्राहकाने स्वतः सावध राहणे इष्ट. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असल्यास ती मुरुमांसाठी चेहऱ्यावर लावू नये. पूर्वीपासून वापर सुरू असल्यास परस्पर उपाय न करता त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे.

आहाराचे काय?

आहार व मुरुमांचा संबंध हा जुना वाद आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने चॉकलेटचा व मुरुमांचा संबंध नसल्याचे म्हटले आणि पुढील अनेक वर्षे डॉक्टर आहाराकडे काणाडोळा करीत राहिले. त्या प्रयोगात तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर व चरबी भरपूर होती, हा दोष नंतर दाखविला गेला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवडे झालेल्या प्रयोगात, रक्तातील साखर झपाट्याने न वाढविणारा आहार घेणाऱ्यांची मुरुमे इतरांपेक्षा अधिक कमी झाली. साखर झपाट्याने वाढली की इन्सुलिन वाढते आणि त्यामुळे तेलग्रंथींना चालना मिळते, अशी त्यामागील कारणमीमांसा आहे. दूध, विशेषतः साय काढलेले दूध, आणि व्यायामशाळेतील व्हे प्रोटीन पावडर यांचाही काहींच्या मुरुमांशी संबंध दिसतो. हा पुरावा अद्याप मर्यादित आहे. म्हणून आहार हा औषधाचा जोडीदार समजावा, पर्याय नव्हे.

सुदैवाने वैभववाडीच्या घरगुती ताटात फार बदल करावा लागत नाही. भाताचा डोंगर थोडा कमी करून कुळथाची पिठी, डाळ, पालेभाजी किंवा मासळी यांचे प्रमाण वाढवावे. पांढऱ्याशुभ्र तांदळापेक्षा उकडा तांदूळ व नाचणीची भाकरी बरी. गोड कोकम सरबताऐवजी साखरेविना सोलकढी घ्यावी. ती नारळाच्या दुधाची असल्याने गाई-म्हशीचे दूध टाळणाऱ्यांनाही चालते. दिवसातून चार वेळा गोड चहा आणि त्यासोबत बिस्किटे, टोस्ट ही सवय मात्र आवर्जून कमी करावी.

दुधाचा संशय असल्यास ते दोन-तीन महिने कमी करून फरक पाहावा. वाढत्या वयाच्या मुलामुलींना कॅल्शियम कमी पडू नये यासाठी नाचणी, तीळ व काट्यासह खाता येणारी छोटी मासळी आहारात ठेवावी. 'आंबा उष्ण, त्याने पुटकुळ्या येतात' या समजाला ठोस आधार नाही. एखादा आंबा खुशाल खावा. वाट्यामागून वाट्या साखर घातलेला आमरस टाळावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मोठ्या, खोल व दुखऱ्या गाठी येत असल्यास, खड्डे पडू लागल्यास, अथवा तीन महिन्यांच्या नियमित उपचारानंतरही फरक नसल्यास त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला अनिवार्य आहे. मुलींमध्ये मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड तपासावा लागतो. क्षयरोगाची काही औषधे, तसेच शरीरसौष्ठवासाठी घेतलेली स्टिरॉइड इंजेक्शने यांमुळेही मुरुमे उठतात. चालू औषधांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. तीव्र मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन हे गुणकारी औषध आहे, पण गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होत असल्याने ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

वैभववाडीसारख्या तालुक्यातून तज्ज्ञांकडे जाणे म्हणजे कणकवलीचा किंवा घाट चढून कोल्हापूरचा प्रवास, आणि पर्यायाने एका दिवसाची मजुरी वा शाळा बुडणे. अशा वेळी सरकारच्या ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेचा उपयोग करता येतो.

मुरुमांमुळे मुले आरशाला व माणसांना टाळू लागतात, शाळा-महाविद्यालयात जाणे नकोसे होते. पालकांनी ही थट्टेची बाब समजू नये. वेळीच डॉक्टरांचा सल्ला, सांगितलेले औषध नियमित लावण्याची आठवण आणि घरात चेहऱ्यावरून कुणी टोमणा मारणार नाही याची दक्षता, एवढे पालकांना निश्चितच करता येईल.